कापूस घरात आहे तोवर

यंदाचा पहिला वेचा परवा घरात आला. बैलगाडी दारात लागली, गाठोडी सुटली आणि मधल्या खोलीत पांढरा ढीग पडायला लागला. मी चुलीपाशी भाकरी थापत होते. थापता थापता एकदम लक्षात आलं, की घराचा आवाज बदलला. भांडं पडलं तर त्याचा खणखणाट उरत नाही. बा खोकला तर खोकला तिथल्या तिथं संपतो. ज्यांच्या घरात कापूस भरतात त्यांनाच हे पटेल. बाकीचे म्हणतील, बाई काहीतरीच सांगते.

आणि तो वास! सरकीचा तेलकट, पऱ्हाटीच्या वाळक्या पानांचा, थोडा धुळीचा, थोडा सकाळच्या दवाचा. मी पिठाच्या हातानं तशीच उठून त्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. मागून याडी ओरडली, "तवा जळून राह्यला न वं, कुठी गेली?" कुठी म्हणजे, मी त्या सालात गेलते. त्या एका हंगामात मी जिंकले होते, ढोल वाजवून सांगावं असं जिंकले होते. जिंकलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा तिथंच जावंसं वाटतं, त्यात लाजायचं काय?

आमचा बंजारा तांडा दिग्रसजवळ. घरात आम्ही गोरबोली बोलतो, पण इथं सगळ्यांना कळावं म्हणून घरच्यांचं बोलणं वऱ्हाडीत लिहिते. याडी म्हणजे आई आणि बा म्हणजे बाप, एवढं ध्यानात ठेवलं की झालं. मी घरी बसून वजनकाटे करणाऱ्या एका कंपनीसाठी प्रोग्राम लिहिते. ज्या भाषेत लिहिते तिचं नाव फोर्थ. हे नाव घेतलं की शिकलेली माणसंसुद्धा विचारतात, "आणि पहिल्या तीन कुठं गेल्या?" विचारणाऱ्याला वाटतं, हा विनोद त्यालाच सुचला.

फोर्थ समजायला सोपी आहे, फक्त तिच्या कलानं घ्यावं लागतं. आधी आकडे ठेवायचे, मग त्यांचं काय करायचं ते सांगायचं. टोपल्यात भाकरींची चवड असते ना, तशी आकड्यांची चवड. शेवटी ठेवलेली भाकर आधी हातात येते. खालच्या भाकरीला मधूनच हात घालायचा नाही. दुसरी गंमत अशी, की या भाषेत शब्द आपणच घडवायचे. लहान शब्द घडवायचे, त्यांच्यातून मोठे, मोठ्यांतून अजून मोठे, आणि शेवटी एका शब्दात अख्खं यंत्र चालायला लागतं. ही भाषा म्हणे मोठाल्या दुर्बिणी फिरवायला जन्मली. आज ती कुणाला दिसणार नाही अशा जागी नांदते, काट्यात, मीटरमध्ये, पंपाच्या डब्यात. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. का आवडली म्हणून विचारू नका, माणूस आवडतो तशी आवडली.

पण आवडलेल्या गोष्टीबद्दल बोलायला कुणी नसलं की जीव कासावीस होतो हो. याडीला सांगितलं तर ती ऐकायची, मान डोलवायची आणि म्हणायची, "जेवली काय?" इंटरनेटवर फोर्थवाल्यांचा एक छोटा गट होता, महाराष्ट्रभरातली माणसं. बोलणं मात्र सगळं इंग्रजीत. एक दिवस मी तिथं लिहिलं, की मी फोर्थवर मराठीत पॉडकास्ट सुरू करते आहे. ज्याला त्याला आपल्या कामाबद्दल आपल्या बोलीत बोलता येईल असा. पुण्याच्या निनादनं लगेच उत्तर दिलं. माणूस सभ्य, हुशार, गटात त्याच्या शब्दाला वजन. त्यानं लिहिलं, "कल्पना छान आहे. पण बोलणार कोण? तुमच्या जिल्ह्यात तुमच्याशिवाय फोर्थ येणारं कुणी आहे का? एकट्याच्या पॉडकास्टला आम्ही भाषण म्हणतो." आणि पुढं एक हसरा चेहरा टाकला.

त्या हसऱ्या चेहऱ्यानं माझं डोकं फिरलं. आमच्याकडं सगळं कापूस विकल्यावर होतं. लग्न कापूस विकल्यावर, छपराचे टिन कापूस विकल्यावर, दवाखानासुद्धा थोडा दम धरत असेल तर कापूस विकल्यावर. मी उलटं लिहिलं. "आहेत एक. दिग्रसातच आहेत. तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून फोर्थ लिहितात. आमचा कापूस विकायच्या आत त्यांचा आवाज तुम्हाला ऐकवते, नाहीतर पॉडकास्ट बंद आणि गटही सोडते." लिहून टाकलं, आणि ते जे 'एक' होते त्यांना मी अजून विचारलंही नव्हतं.

ते एक म्हणजे वानखडे काका. दिग्रसला एक इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे, तिथं मी एका सुट्या भागाची चौकशी करत होते, तर मागून खरखरीत आवाज आला. "फोर्थ टाकतं काय त्याच्यात?" वळून बघितलं तर उंच, वाळका, पांढऱ्या भुवयांचा म्हातारा. मला तर रानात देव भेटल्यासारखं झालं. काका पूर्वी एका सूतगिरणीत यंत्रांचे इंजिनिअर होते. गिरणी केव्हाच बंद झाली. घरी सून, मुलगा, नातवंडं, सगळं भरलेलं. पण फोर्थबद्दल बोलायला त्यांनाही कुणी नव्हतं. त्या दुकानाच्या पायरीवर आम्ही कितीदा तरी बोलत उभे राहिलो असू. बोलणं म्हणजे ते मला खोडून काढायचे. माझं एकही वाक्य त्यांनी सरळ पलीकडं जाऊ दिलं नाही.

पॉडकास्टचं विचारलं तर म्हणाले, "येतो न. काहून नाही येनार?" मी हवेत. पण ठरल्या दिवशी गुडघा दुखला. पुढच्या वेळी पाहुणे आले. मग पुसदला लग्न निघालं. मग म्हणाले, "आज नको पोरी, आज अमोश्या हाये." मी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडं बघितलं. ज्यांच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून बुवाबाजीवर तासभर भाषण ऐकल्याशिवाय चहा मिळत नाही, त्या माणसाला अमावस्या आडवी आली! मी म्हटलं, "काका, तुम्ही कधीपासून अमोश्या पाळून राह्यले?" तर फोन कट.

तोवर मी जागेच्या मागं लागले होते. आवाज धरायचा तर शांतता पाहिजे, आणि तांड्यात शांतता मिळेल म्हणणारा माणूस तांड्यात कधी राहिलेला नसतो. अंगणात कोंबड्या. ओट्यावर बायका. बाजूला पीठगिरणी. पुढच्या खोलीत बोललं की टिनाचा आवाज टिनाला आपटून परत येई, आणि मी विहिरीत पडून मदत मागते आहे असं ऐकू येई. एका दुपारी मधल्या खोलीत कापसाच्या ढिगामागं मांजर व्याली म्हणून बघायला गेले आणि आतून याडीला हाक मारली. याडी दारात उभी होती, तिला ऐकूच आलं नाही. मी पुन्हा ओरडले. माझाच आवाज मला नवा वाटला, जवळचा, कोरडा, एकही कड न उडालेला. लोक म्हणे शहरात भिंतींना गाद्या लावून अशी खोली करतात. आमच्या घरात ती दरसाल आपोआप होत होती आणि आम्ही तिच्यात मांजर बाळंत करत होतो.

म्हणून कापूस घरात आहे तोवर हे नुसतं बोलण्यापुरतं राहिलं नाही. कापूस गेला की खोली गेली. आणि कापूस केव्हा जाईल ते बा ठरवणार; बा ठरवणार बाजाराकडं बघून; बाजार कुणाकडं बघून ठरवतो ते देवालाही ठाऊक नाही.

पॉडकास्टचं नाव ठेवलं 'चवड'. वेचणी सुरू करायच्या आधी आमच्याकडं शेतात सीतादही करतात. दहीभात नेतात, पूजा करतात आणि पिकावर शिंपडतात, म्हणजे बरकत येते. याडीनं विचार केला, पोरीचंही काहीतरी पीक आहेच. मी माईक नुकताच मागवलेला, खोलीत मांडून ठेवलेला. पाणी प्यायला बाहेर गेले आणि परत येऊन बघते तर याडी माईकपुढं डोळे मिटून बसलेली, हळदीकुंकू वाहिलेलं, आणि त्या जाळीवर मनापासून दहीभात शिंपडलेला. "माय वं याडी!" एवढंच तोंडातून निघालं. ती म्हणाली, "आता पाह्य कशी बरकत येते." माईक मेला तो मेलाच. पहिला भाग मी मोबाईलवर बोलले, कापसात बसून. बसायच्या आधी बा ओरडला, "चपला काढ! लक्ष्मी हाये थे!"

पहिला भाग मी असा बोलले, की जणू आकाशवाणीवर बातम्या देते आहे. 'नमस्कार श्रोतेहो', 'आपल्या सेवेत सादर करत आहोत' असलं सगळं. याडीला ऐकवला तर तिनं शेवटपर्यंत ऐकला आणि विचारलं, "बाई चांगली बोलते. तू कवा येते?" दुसऱ्या भागापासून मी माझ्यासारखी बोलायला लागले. ऐकणारे मूठभर होते, पण होते. फक्त प्रत्येकजण तेच विचारी, 'ते दिग्रसचे काका कधी?' निनादही विचारी. सभ्यपणे विचारी, त्यामुळं जास्त झोंबायचं.

त्या दिवसांचं काय सांगू? वेचणीची मजुरी किलोवर, आणि सकाळी ओल्या कापसाचं वजन जास्त भरतं म्हणून ऊन चढेस्तोवर बा वेचायला लागू देत नसे. बायका कमरेला ओटी बांधून रांगेनं सरकायच्या, हात चालू, तोंड चालू, कुणाची सून कशी आणि कुणाचा जावई कसा. दुपारी गाड्या दिग्रसच्या वाटेला लागल्या की रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस चिकटून राही, काट्याकाट्याला पांढरा. गावात शिरावं तर जिनिंगची घरघर आणि हवेत उडणारी रुई, चहाच्या कपात रुई, ड्रायव्हरच्या मिशांत रुई. मी वानखडे काकांच्या घराकडं चक्कर मारी, ते दारात खुर्ची टाकून बसलेले असत, आणि मला बघितलं की पेपर वर करीत. पेपराच्या वरून फक्त भुवया दिसत. राग यायचा, आणि हसूही यायचं.

पौष सरत आला तसा कापूस घरातल्या सगळ्यांना लागला. कापूस फार दिवस घरात राहिला की त्यात बारीक किडे होतात, आणि अंगाला अशी खाज सुटते की माणूस चारचौघांत पाठ भिंतीला घासतो. त्या काळातले भाग नीट कान देऊन ऐका, मी बोलता बोलता मधेच थांबते, ते विचार करायला नाही, खाजवायला. याडीची बडबड सुरू झाली, "विकून टाका वं आता थो कापूस, जीव गेला." बा म्हणे, थांबा अजून चार दिवस. मी त्याच्या तोंडाकडं बघून राही. त्याच्या चार दिवसांवर माझं सगळं टांगलेलं होतं.

एक दिवस बा नं मला विचारलं, "तोंड काहून उतरवून बसली?" सगळं सांगितलं. बा नं तंबाखू मळली, चिमूट ओठात ठेवली. मग म्हणाला, "तू त्या वानखडे साहेबाले बोलवून राह्यली, हेच चुकलं तुहं. बाजारात एखादा व्यापारी मुका बसला, भाव सांगत नाही, त्याले किती इनवण्या केल्या तरी तो बोलत नाही. त्याच्याजोळ उभं राहाचं न दुसऱ्याले मोठ्यानं चुकीचा भाव सांगाचा. मुका उठून बोलते."

मी बापाकडं बघतच राहिले. बाप्पा बाप्पा, काय माणूस!

त्याच दिवशी मी कापसात बसले आणि चवडीवर एक भाग बोलले. छान, सावकाश, उदाहरणं देऊन. आणि मधोमध छाती पुढं काढून सांगितलं, की फोर्थच्या चवडीत सर्वांत खाली ठेवलेला आकडा सर्वांत आधी बाहेर येतो. एकदा नाही, घोळवून घोळवून सांगितलं. फोर्थ शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी जे कळतं तेच मी जगापुढं उलटं सांगितलं. भाग लावून दिला आणि पांघरूण ओढून पडले.

गटात नुसता धुरळा उडाला. कुणी लिहिलं, यांना मूळच माहीत नाही. कुणी लिहिलं, आणि ह्या पॉडकास्ट करतात. निनादनं मला एकटीला लिहिलं, "ताई, काहीतरी चूक झाली आहे, भाग काढून टाका, लोक नावं ठेवत आहेत." या वेळी हसरा चेहरा नव्हता. मनातून मी रडकुंडीला आले होते. माझी विद्या एवढीशी, तीच मी भर बाजारात मातीत लोळवली होती, आणि ती ज्याच्यासाठी लोळवली त्यानं भाग ऐकला की नाही हेसुद्धा ठाऊक नव्हतं. तरी मी भाग काढला नाही. दात आवळून बसले.

आणि मग बा म्हणाला, उद्या गाडी सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेटॅडोर दारात लागली. हमाल उतरले, त्यांचे पुढारी रहीमभाई आमच्या घरचे जुने. त्यांनी डोक्याला फडकं बांधलं. मी ओट्यावर बसून बघत होते. वाटलं, गेलं. आता आत जाऊन गट सोडायचा, एवढंच काम उरलं. तेवढ्यात तांड्याच्या वळणावरून एक स्कूटर आली, फटफटत, धूर सोडत, आणि स्टँडवर लागायच्या आधीच स्कूटरवरून आवाज आला.

"कोनं सांगतलं तुले, खालची भाकर आधी निंघते म्हनून? आं? तुह्या घरी निंघते काय?"

वानखडे काका स्कूटर तशीच सोडून ओट्यापाशी आले. "माह्या सुनेनं स्वयपाकघरात लावलं होतं, माह्या घशात घास अडकला! जाहीर चुकीचं बोलून राह्यली तू! पोट्टे शिकतीन ह्याच्यातून, काही लाज?"

मी म्हटलं, "चुकलंच काका. सुधरवा न मंग. चला आत."

"सुधरवतोच! कुठी हाये तुहं थे यंत्र?"

ते तरातरा आत गेले. दारात बा उभा. त्यानं फक्त म्हटलं, "राम राम साहेब. चपला काढा तेवढ्या." काकांनी रागारागात "जयभीम" म्हणत चपला भिरकावल्या आणि कापसात शिरले. मी मोबाईल पुढं धरला. बाहेर बा हमालांना सांगत होता, "बसा रे भाऊ, च्या होऊ द्या." गाडीवाला कुरकुरला. बा म्हणाला, "गाडी थांबते. मानूस थांबत नाही."

काकांनी आधी मला झापलं, ते सगळं त्या भागात आहे. मग चवड समजावून सांगितली, इतकी सोपी की दारातून याडी म्हणाली, "हे तर मले बी समजलं." मग त्यांच्या लक्षात आलं, की आपला आवाज कुठं आपटत नाहीये. ते थांबले. हळू बोलून बघितलं. त्या खोलीत हळू बोललेलंही पूर्ण पोचतं. आणि मग तो माणूस जो बोलत सुटला, सांगता सोय नाही. पहिला संगणक कसा बघितला, पुस्तक कसं कुठून मागवलं, रात्रपाळीत कसं शिकले. मी एकही प्रश्न विचारला नाही, विचारायला जागाच नव्हती.

"आमच्या गिरनीत उन्हाया लागला का सूत तुटे," काका सांगत होते. "हवा कोरडी होये न. पानी शिंपडाचं यंत्र होतं, पन त्याले अक्कल नव्हती. मी त्याले अक्कल देल्ली. फोर्थमंदी. आन् शब्द कोनते देल्ले माहीत हाये? पाह्य. शिंपड. थांब. अक्षरं इंग्रजी, शब्द आपले. हवा किती कोरडी हाये थे पाह्य, शिंपड, थांब. मले कोनी सांगतलंच नव्हतं का यंत्रासंग इंग्रजीतच बोला लागते म्हनून. पूर्न एक उन्हाया सूत तुटलं नाही."

मग ते मागं ढिगाला टेकले. मला वाटलं, संपलं. मी मोबाईल बंद करायला बोट पुढं केलं, तेवढ्यात दारातून आवाज आला. रहीमभाई चहाचा कप हातात धरून उंबऱ्यावर बसले होते, आणि मागं सगळे हमाल.

"फिर? मंग काय झालं साहेब?"

काकांनी त्यांच्याकडं बघितलं. "मंग मुंबईहून एक मोठे साहेब आलते. पडद्यावर त्याईनं 'शिंपड' पाह्यलं न हसले. लय हसले. चार लोकायले बोलावून दाखवलं. म्हने, मशीनलेबी गावठी करून टाकलं. सारे हसले. मी बी हसलो थोडासा." काकांनी बाजूचा कापूस बोटांनी पिंजला. "मंग बसलो खुर्चीवर न सारे शब्द बदलून टाकले. रीड, स्प्रे, स्टॉप. यंत्र तसंच चाललं, त्याले काय फरक पडते? पन थो प्रोग्राम मंग मले माहा वाटला नाही. त्याच्यावर कोनाशी बोललोच नाही मी कधी."

"अच्छेभले शब्द होते," रहीमभाई म्हणाले. "बदलायले नाही पायजे होते."

"हव," काका म्हणाले. "नाही पायजे होते."

त्यानंतरची शांतता मी त्या भागातून कापली नाही. कापसाच्या खोलीतली शांतता, तिच्यात काहीच नाही, फक्त एका म्हाताऱ्या माणसाचा श्वास. ऐकणाऱ्यांनी सांगितलं, की तिथं ते चालता चालता उभे राहिले. मी तर त्या ढिगात बसून रडत होते, तोंडावर पदर दाबून, आवाज जाऊ नये म्हणून.

गाडी बाजारात पोचायच्या आत भाग लागला, आणि दुसऱ्या दिवसापासून माझा मोबाईल गप्प बसेना. फुलसावंगीच्या एका मॅडमनी आवाजात निरोप धाडला, की त्या शाळेत विज्ञान शिकवतात आणि त्यांच्या प्रयोगाच्या दिव्याला त्यांनी 'लाग' आणि 'विझ' असे शब्द दिले. राळेगावच्या एका पंप दुरुस्त करणाऱ्यानं पंपाचे शब्द पाठवले, त्यातले निम्मे माईकवर उच्चारण्यासारखे नव्हते. कोलामांच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, एका गुरुजींनी कोलामीतले धाडले, मी गोरबोलीतले घातले. सगळ्यांनी मिळून त्या शब्दांचा कोश करायला घेतला. निनादनं गटात सगळ्यांपुढं लिहिलं, "मी चुकलो होतो. आणि ती खालच्या भाकरीची चूक मुद्दाम होती, हे मला आत्ता कळलं. दंडवत." मी ते बा ला वाचून दाखवलं. बा म्हणाला, "पुन्याचा हाये न, उशिरा का होईना समजते."

काकांना समजायला वेळ लागला नाही. फोन आला, "तू मले फसवलं काय वं?" मी म्हटलं, हव. मग म्हणाले, "तुह्या बापाले च्याले बोलाव माह्या घरी." आता त्यांची सून तक्रार करते, की लोकांचे फोन मामांजींना दोन घास सुखानं खाऊ देत नाहीत. मामांजी वरून रुबाब करतात, "मी आता जेवून राह्यलो, नंतर करा," आणि ताट बाजूला सारून बोलत बसतात.

तेव्हापासून दर हंगामात खोली भरते आणि आम्ही बोलायला बसतो. वर्षभराचं बोलणं कापूस असेतोवर साठवून घेतो. खाज सुटतेच. काका आता वेळेच्या आधी येतात आणि मलाच उशीर झाला म्हणून झापतात. परवा पहिल्या वेच्याच्या दिवशीही त्यांचा फोन होताच, "खोली भरली काय?" एखाद्या माणसानं इतकी वर्षं तोंड मिटून काय काय सांभाळलं असेल, याचा विचार आला की मला अजून भरून येतं. आणि मग वाटतं, अशा किती खोल्या गावोगाव भरलेल्या असतील, आत कुणी बोलायला बसलेलं नसेल.

पण मी सांगणार होते ते आमच्या पहिल्या मेळाव्याचं. त्याच साली होळीनंतर दिग्रसला एका दुकानावरच्या हॉलमध्ये आम्ही ऐकणाऱ्यांना बोलावलं. मला वाटलं, पुढच्या दोन रांगा भरल्या तरी खूप. हॉल भरला. राळेगावचे आले, फुलसावंगीच्या मॅडम आल्या, रहीमभाई इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. आणि पुण्याहून रात्रभर गाडीत बसून निनाद आला. पोरसवदा, चष्मा, अंगावर कोरा झब्बा. काकांच्या पाया पडला. मग त्यानं टेबलावर एक छोटा बोर्ड मांडला, पाण्याची बाटली, बोटाएवढा पंप, एक तोटी. म्हणाला, "काका, मी तुमचा प्रोग्राम पुन्हा लिहिलाय. जसा ऐकला तसा. तुमच्याच शब्दांत. आणि या वेळी अक्षरंही आपलीच."

पडद्यावर मोठ्या देवनागरी अक्षरांत शब्द उभे होते. पाह्य. शिंपड. थांब.

निनादनं 'शिंपड' टाकलं. तोटीतून पाण्याची बारीक धार हवेत उडाली. 'थांब' टाकलं. थांबली. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला, पण काका हललेसुद्धा नाहीत. पडद्याकडं बघत राहिले. मी त्यांच्याकडं बघत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं. मग ते उठले. निनादला हातानं बाजूला केलं. चष्मा कपाळावर सरकवला, एकेक अक्षर शोधत शब्द टाकला, आणि बटण दाबताना दुसऱ्या हातानं तोटी वळवली.

धार सरळ निनादच्या कोऱ्या झब्ब्यावर. तो "अहो, अहो!" करत मागं सरतोय, काका तोटी त्याच्या मागं मागं फिरवताहेत, 'थांब' टाकायचं नाव नाही. सगळा हॉल हसून हसून लोळायला लागला, रहीमभाई डोळे पुसताहेत, मॅडम खुर्ची धरून हसताहेत, निनाद ओलाचिंब होऊन हसतोय.

"हसा!" काका हात वर करून ओरडले. "हसा लेकहो, आता हसा किती हसाचं थे!"

आणि सगळ्यांत मोठ्यानं तेच हसत होते.